‘चुकलं’ म्हणणारा तंतू

शाळेच्या पुस्तकात लहान मेंदूच्या वाट्याला एक-दीड ओळ येते. अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळतं, झालं. पुढच्या ओळीपासून पुन्हा मोठ्या मेंदूचं कौतुक सुरू. धाकटा नातू परवा तीच ओळ घोकत बसला होता. मी म्हटलं, ठेव ते पुस्तक बाजूला आणि ताईलाही हाक मार. बिचाऱ्या लहान मेंदूवर फार दिवस अन्याय चाललाय.

डोक्याच्या मागे हात न्या बघू. कवटीचा उंचवटा लागतो ना, त्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला तो बसलेला असतो. वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूचा दहावा हिस्सा. २००९ साली ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजायची एक अजब युक्ती केली. मेंदूचे तुकडे घोटून त्यांचं चक्क पातळ द्रावण केलं आणि त्यात तरंगणारी पेशीकेंद्रकं मोजली. सगळ्या मेंदूत मिळून चेतापेशी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी. त्यातल्या ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत!

“एवढ्या पेशी करतात काय? नुसता तोल?” थोरलीनं विचारलं.

तोल तर आहेच. पण खरं काम निराळं आहे. शरीरानं एखादी हालचाल केली, ती किती चुकली हे बघायचं आणि पुढच्या खेपेला तेवढी चूक कमी करायची. सायकल, तबला, पोळी लाटणं, शिवणयंत्रावर सरळ टीप घालणं, सगळं यातच आलं. १८२४ च्या सुमारास फ्लुरां नावाच्या फ्रेंच माणसानं कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला होता. कबुतरांचे पंख लुळे पडले नाहीत, पायही नाहीत. ती ऐकत होती, बघत होती. पण चालणं, उडणं, उभं राहणं यांतला मेळ गेला. पहिल्या महायुद्धात डोक्याला मागून गोळी लागलेले शिपाई लंडनच्या गॉर्डन होम्स या डॉक्टरांनी तपासले. लहान मेंदूची एकच बाजू जखमी झालेल्यांचा त्या बाजूचा हात लुळा नसायचा, पण कप उचलायला गेला की कपाच्या पुढे तरी जायचा नाहीतर अलीकडेच थांबायचा. दारू प्यायलेला माणूस रस्त्यानं कसा चालतो ते तुम्ही गणपतीच्या मिरवणुकीत पाहिलंय. त्याचाही लहान मेंदूच गळपटलेला असतो.

आता एक गंमत करा. नुसतं ऐकू नका, करा. अंगठा डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. डोकं अजिबात हलवायचं नाही, अंगठाच भराभरा डावी-उजवीकडे हलवायचा. दिसतंय नख? नाही ना, नुसता फरकाटा दिसतोय. आता उलट करा. अंगठा जागच्या जागी आणि डोकं हलवा, आईनं भाजी वाढताना तुम्ही ‘नको नको’ करता तसं. वेग तेवढाच ठेवा. नखावरचा पांढरा ठिपकासुद्धा स्पष्ट दिसतो की नाही?

दोघांनीही करून पाहिलं, मग एकमेकांच्या अंगठ्यांवर करून पाहिलं. धाकट्याला चक्कर यायला लागली तेव्हा मी थांबवलं.

झालं काय, तर पहिल्या वेळी डोळ्याला आधी अंगठा कुठे गेला ते बघावं लागलं आणि मग त्याच्या मागे जावं लागलं. बघितलेलं मेंदूपर्यंत पोचून डोळा हलायला सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. तोवर अंगठा भलतीकडे गेलेला असतो. दुसऱ्या वेळी डोळा कशाचीही वाट बघत नाही. त्याला कान सांगतो. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, तीन इकडे आणि तीन तिकडे. त्यांत पाण्यासारखा द्रव आहे. डोकं फिरलं की नलिका फिरते, पण द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, आणि तेवढ्यावरून आतल्या केसांच्या पेशींना कळतं की डोकं कुठल्या बाजूला आणि किती वेगानं फिरतंय. तिथून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत मध्ये जेमतेम तीन चेतापेशींची साखळी. सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळा उलट्या दिशेला फिरलेला असतो. डोकं दहा अंश उजवीकडे, डोळे दहा अंश डावीकडे. म्हणून एसटीत डोकं हिंदकळत असतानाही तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचू शकता.

आता गोम कुठे आहे बघा. ही साखळी आंधळी आहे. मिट्ट काळोखातही ती चालते. कानानं हुकूम सोडला, डोळा फिरला. बरोबर फिरला का, हे विचारायला तिथे वेळच नाही. मग दहा अंशाला दहाच फिरायचं, आठ नाही आणि बारा नाही, हे ठरवलं कोणी? बरं, एकदा ठरवून भागतही नाही. तुमचं डोकं वाढतं, माझ्या डोळ्यांचे स्नायू म्हातारे होतात, आणि मग लागतो चष्मा.

“मला चष्मा लागला तेव्हा दोन दिवस जमीन हलत होती,” थोरली म्हणाली.

हलणारच. तुझा चष्मा मायनसचा. त्यातून सगळं जरा लहान दिसतं. तू डोकं दहा अंश फिरवलंस तर काचेतलं चित्र दहा अंशांपेक्षा कमी सरकतं. पण डोळे आपले जुन्या हिशोबानं पुरते दहा अंश फिरून मोकळे. मग चित्र डोळ्याच्या पडद्यावरून घसरतं आणि तुला वाटतं की फरशीच सरकली. मला जाड प्लसचा चष्मा लागला तेव्हा बरोबर याच्या उलट झालं. माझे डोळे कमी पडायला लागले. दोघांचंही काही दिवसांत आपोआप जमलं. जिना उतरताना तू कठडा धरायची, तो कधी सोडलास ते तुलाही सांगता येणार नाही.

हे ‘आपोआप’ कसं होतं याचा पिच्छा कॅनडातल्या मॉंट्रियलच्या दोघांनी पुरवला, गॉनशॉर आणि मेल्विल जोन्स. १९७० च्या दशकातली गोष्ट. त्यांनी माणसांच्या डोळ्यांवर असे लोलक चढवले की डावं उजवीकडे दिसावं आणि उजवं डावीकडे. डोकं उजवीकडे वळवलं की सगळं जग भलत्याच बाजूला पळायचं. मळमळ, घेरी, चालता येईना. काहींनी तो चष्मा २७ दिवसांपर्यंत जागेपणी सारखा वापरला. मधून मधून त्यांना अंधारात बसवून डोकं हलवायचे आणि डोळे काय करतात ते मोजायचे. अंधारातच का, तर काही दिसायला नको, नुसती ती आंधळी साखळीच तपासायची होती. आधी डोळ्यांचं उलटं फिरणं कमी कमी होत गेलं, आणि पुढे पुढे ते चक्क दुसऱ्या दिशेला झुकलं. जन्मापासूनचा हुकूम साखळीनं फिरवला! चष्मा उतरवल्यावर परत मूळ पदावर यायलाही तिला पुष्कळ दिवस लागले.

१९७६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांजरांना असेच लोलक लावले. मांजरंही शिकली. पण ज्या मांजरांच्या लहान मेंदूचा ठरावीक भाग काढला होता, त्यांना हे काही जमेना. त्यांचे डोळे कानाच्या हुकमावर फिरत होते, त्यात खोट नव्हती. पण जग उलटं झालं तरी ते जुन्याच हिशोबानं फिरत राहिले. म्हणजे साखळी एकीकडे आणि तिचा हिशोब तपासणारा दुसरीकडे.

तो तपासतो कसा, हे समजायला आत शिरावं लागेल. १८३७ साली प्रागमध्ये पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं लहान मेंदूत मोठ्या, पोटाशी फुगीर अशा पेशी दाखवल्या. आपल्या पुस्तकांत त्यांना पर्किंजे पेशी म्हणतात. पण त्यांचं खरं रूप दिसलं ५० वर्षांनी. इटलीतल्या गॉल्जीनं चांदीच्या क्षारानं पेशी काळ्या करायची रीत शोधली होती. हजारो पेशींतली एखादीच काळी होते, पण ती नखशिखांत. तीच रीत घेऊन १८८८ साली बार्सिलोनात रामोन इ काहाल पक्ष्यांचा लहान मेंदू न्याहाळत होता. पिंपळाचं पान वहीत महिनोन्महिने ठेवलं की हिरवा भाग जातो आणि नुसती शिरांची जाळी उरते ना? पर्किंजे पेशीचा पिसारा अगदी तसा दिसतो, तसाच चपटा आणि बारीक शिरांचा. पेशी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, प्रत्येक सुटी आहे, हे काहालला याच अभ्यासातून पटत गेलं. गॉल्जीला ते मरेपर्यंत पटलं नाही. १९०६ साली दोघांना नोबेल मिळालं, तेही वाटून, आणि स्टॉकहोमच्या भाषणात गॉल्जीनं काहालचं म्हणणंच खोडून काढलं. ज्या रीतीनं सगळं दिसलं ती शोधणाऱ्याला दिसलेलं मान्य नव्हतं. असो, मोठी माणसं.

काहालनं आणखी एक गोष्ट टिपली होती. त्या एकेका पिसाऱ्यातून आडवे, अतिशय बारीक, समांतर तंतू जातात. एका पर्किंजे पेशीवर दीड-दोन लाख तंतूंची बोटं टेकलेली असतात. डोकं किती फिरलं, मान कुठे आहे, डोळा कुठे आहे अशी सगळी खबर ते आणतात. पण त्याखेरीज प्रत्येक पेशीवर खालून एकच एक जाड तंतू चढतो आणि फांद्यांना विळखे घालत वर जातो. दीड-दोन लाख विरुद्ध एक! हा चढता तंतू मेंदूच्या देठातल्या ऑलिव्ह नावाच्या गाठीतून येतो. पर्किंजे पेशी एरवी सेकंदाला पन्नासेक वेळा टिकटिकत असते. चढता तंतू मात्र सेकंदाला एखाद्याच वेळी बोलतो. पण बोलला की अख्खी पेशी हादरते.

इतका मितभाषी तंतू सांगतो तरी काय? याचं उत्तर आलं ते सूक्ष्मदर्शकाला डोळाही न लावता. १९६९ साली डेव्हिड मार या २४ वर्षांच्या इंग्रज पोरानं कागदावरच मांडणी केली की हा तंतू शिकवणीसाठी आहे. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या जेम्स आल्बसनं तोच विचार नेटका केला. चढता तंतू बोलतो तो चूक झाली म्हणून, आणि तो बोलला त्या क्षणी जे समांतर तंतू जागे होते त्यांचं वजन कमी व्हायला हवं. मारला वाटत होतं वजन वाढतं, आल्बसला वाटत होतं घटतं. १९८२ साली टोकियोत मासाओ इतो यांनी सशांच्या लहान मेंदूत ते मोजून दाखवलं. समांतर तंतू आणि चढता तंतू पुन्हा पुन्हा एकदम जागे केले की त्या समांतर तंतूंची पेशीवरची पकड ढिली पडते आणि पुढे बराच वेळ ढिलीच राहते. आल्बस जिंकला.

“पकड सुटली तर तो शिकला कसा? विसरला असं म्हणा!” धाकटा.

बरोबर शंका काढलीस. उत्तरही इतोंनीच आधी शोधून ठेवलं होतं, १९६० च्या दशकात. पर्किंजे पेशीला पुढच्या पेशींना एकच गोष्ट सांगता येते, ‘नको’. ती कोणालाही उठवत नाही, फक्त दाबते. म्हणजे तिचा एखादा धागा ढिला केला की त्या विशिष्ट वेळी तिचं ‘नको’ मऊ पडतं, आणि तिच्याखाली दबलेल्या पेशीला तेवढीच मोकळीक मिळते. डोळ्याच्या पडद्यावर चित्र घसरलं की ऑलिव्हला कळतं. ऑलिव्हमधून चढता तंतू म्हणतो ‘चुकलं’. त्या क्षणीचे दोषी धागे ढिले होतात आणि पुढच्या वेळी डोळा निराळा फिरतो. पुन्हा घसरलं, पुन्हा ‘चुकलं’. थोरलीची फरशी दोन दिवस हलत होती ती याचसाठी. ती हलली नसती तर काहीच दुरुस्त झालं नसतं.

इथवर ऐकून धाकट्यानं जे विचारलं त्यावर मी मनोमन खूश झालो. “पण मग तो रोज ‘चुकलं चुकलं’ करतच बसेल की. जमायला लागल्यावर त्याला गप्प कोण करतं?”

उलटी वाट आहे त्यासाठी. लहान मेंदूच्या पोटात काही खोल गाठी आहेत, तिथूनच बहुतेक हुकूम बाहेर पडतात. त्या गाठींतून एक बारीक वाट मागे ऑलिव्हकडे जाते, आणि तिचं काम ऑलिव्हला दाबायचं. हालचाल बरोबर जमली की हुकमाबरोबरच ऑलिव्हकडे निरोप जातो की झालं आहे, तू आता थांब. अमेरिकेत रिचर्ड थॉम्पसन यांच्या प्रयोगशाळेत १९९८ मध्ये याचा सुरेख पुरावा मिळाला. सशाला आधी एक आवाज ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. पुष्कळदा असं झालं की ससा नुसत्या आवाजावर पापणी मिटतो, झोत यायच्या बेताला. असा शिकलेला ससा घेतला आणि आता आवाजाबरोबर दिवाही दाखवायला लागले. दिव्याचं तो काही शिकत नाही. मागाहून नुसता दिवा लावला तर पापणी हलत नाही. काम बिनचूक होतंय, तर नवं कशाला शिकायचं? मग त्यांनी काय केलं, आवाज आणि दिवा एकत्र दाखवताना ऑलिव्हमध्ये असं रसायन सोडलं की ती दाबणारी वाट बंद पडावी. आता ऑलिव्हला गप्प करणारं कोणी उरलं नाही. आणि तो ससा दिव्याचंही शिकला!

मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत ही वाट मला सर्वांत हुशारीची वाटते. चूक दाखवणारे जगात पुष्कळ. जमल्यावर त्यांना थांबवायची सोय शरीरानं केली, याला अक्कल म्हणतात.

त्याच खोल गाठींतून दुसरीही एक वाट उलटी वर जाते, ऑलिव्हकडे नाही तर थेट त्या समांतर तंतूंच्या उगमाकडे, ग्रॅन्यूल नावाच्या चिमुकल्या पेशींकडे. ६,९०० कोटींचा आकडा आला कुठून, तर बहुतेक सगळा यांचाच. ही वाट दाबणारी नसून उठवणारी आहे. बाहेर गेलेल्या हुकमाची नक्कल ती आत परत आणते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये उंदरांना पापणी मिटायला शिकवलं आणि पाहिलं, तर शिकलेल्या उंदरांत या परतीच्या तंतूंची टोकं वाढली होती. ती वाट दडपली की शिकलेली पापणीही नीट मिटेना. म्हणजे आत्ता आपण काय केलं, हे कळल्याशिवाय पुढचं नीट होत नाही. आणि हा एवढा गलका आवरायला ग्रॅन्यूल पेशींच्या शेजारी त्यांच्याच खबरीवर उठून त्यांनाच दाबणाऱ्या पेशी बसवल्यात. त्यांचं नाव गॉल्जी पेशी. घ्या, म्हातारा इथेही आहेच!

हुकमाची नक्कल म्हणजे काय ते तुम्हाला रोज अनुभवाला येतं. धाकट्या, स्वतःला गुदगुल्या करून दाखव बरं. होत नाहीत. ताईनं केल्या की लोळतोस. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि मंडळींनी १९९८ मध्ये हेच तपासलं. आपलाच हात आपल्याला लावताना लहान मेंदू आधीच सांगून ठेवतो की आता असा असा स्पर्श होणार, आणि मग तो स्पर्श फिका पडतो. पुढे त्यांनी मध्ये एक यंत्र ठेवलं. माणसानं एका हातानं दांडी हलवायची आणि यंत्र दुसऱ्या तळहातावर ती हालचाल पोचवणार, पण सेकंदाच्या एक-दोन दशांशानं उशिरा. उशीर जितका जास्त, तितक्या गुदगुल्या जास्त! अंदाज आणि स्पर्श यांची वेळ जुळली नाही की आपलाच हात परका.

आपल्याकडेही हे काम चाललंय. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वत्सला तिरुमलाई यांची प्रयोगशाळा झेब्राफिशच्या पिल्लांचा लहान मेंदू बघते. आपल्याच देशातल्या ओढ्यांतला हा पट्टेरी मासा. पिल्लं आरपार दिसतात, म्हणून जिवंत पिल्लाच्या पर्किंजे पेशी काम करताना सूक्ष्मदर्शकातून बघता येतात. पुढे काय दिसणार याचा अंदाज त्या बोटाच्या पेराहून लहान पिल्लाच्या पेशीही बांधतात.

“आणि लहान मेंदू नसलाच तर?” थोरलीनं शेवटचं विचारलं.

तशीही एक बाई निघाली. चीनच्या शानडाँग प्रांतातली २४ वर्षांची बाई चक्कर आणि मळमळ होते म्हणून दवाखान्यात गेली. तपासणीत दिसलं की लहान मेंदूच्या जागी नुसतं पाणी. जन्मतःच नव्हता. २०१४ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध झाली. ती बोलत होती, चालत होती, तिला मूलही होतं. पण नीट बोलायला ती सहाव्या वर्षी लागली आणि आधाराशिवाय चालायला सातव्या. उरलेल्या मेंदूनं तिला निभावून नेलं, पण उशीर लागला आणि चालणं-बोलणं थोडं अडखळतच राहिलं.

तुमच्या आज्जीला मागच्या पावसाळ्यात कानाच्या नसेला सूज येऊन घेरी आली होती, आठवतं? चार दिवस ती डोळे मिटून पडून होती. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तिला उठवून बसवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखेवर नजर ठेवून डोकं हलवायला सांगितलं. तिला वाटलं, हा काय छळ! पण एका कानाचा हुकूम बिघडला होता, आणि नवा हिशोब बसवायला चित्र घसरलेलं दिसायलाच हवं. ते दिसलं तरच ऑलिव्ह ‘चुकलं’ म्हणणार. घरात कोणाला अशी घेरी आली तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी हे व्यायाम दिले तर कंटाळा करू नका. अशा घेरीत अंथरुणाला खिळून राहिलेल्यापेक्षा डोकं हलवत हिंडणारा माणूस लवकर बरा होतो.